कौलारू घराचा हिशेब

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या सासरी किंवा माहेरी अजून कौलारू घर उभं आहे? आणि सणासुदीला सगळी मंडळी जमली, जेवणं झाली, पानसुपारी फिरली की, ‘आता हे पाडून छान स्लॅबचं बांधू या’ हा विषय कितीजणींकडे निघतो? आमच्याकडे तो मागच्या वर्षी मे महिन्यात निघाला.

आमचं गाव कर्जत आणि खोपोलीच्या मधलं. सासूबाई तिथे राहतात. आम्ही कर्जतला ब्लॉकमध्ये. सकाळचा स्वयंपाक-डबे आटोपून मी दुपारी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते आणि शनिवारी संध्याकाळी गावी जाते. धाकटे दीर डोंबिवलीला असतात. त्यांनी कागदावर आराखडाच काढून आणला होता. खाली तीन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. वरच्या खोल्या शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. “वहिनी, सगळ्या तालुक्यात फार्महाऊसं उठताहेत आणि आपण मात्र दरवर्षी कौलं परततोय!” ते म्हणाले.

खरं सांगू? त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. वाळवी आहे, उंदीर आहेत, न्हाणीघर परसात आहे. सत्तरीच्या बाईला भर पावसात रात्री कंदील नाही तर बॅटरी घेऊन जावं लागतं. जुन्या घराचं कौतुक करणं सोपं, त्यात राहणं वेगळं.

सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा हे माझ्याकडे वळून थट्टेने म्हणाले, “तू इतिहास शिकवतेस ना? मग तूच सांग, जुनं ठेवायचं की पाडायचं?”

सगळे हसले, पण मी ते मनावर घेतलं. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणजे दिवाळीपर्यंत बांधकाम निघणार नव्हतंच. तेवढ्या अवधीत आपल्याच कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या जुन्या वास्तू एकदा नीट पाहायच्या, असं ठरवलं. मुंबईहून लोक गाड्या भरभरून इथे येतात, आणि आपण मात्र पाहुणे आले तरच बघायला जातो! पण या वेळी बघायचं ते इतिहासाच्या बाईंच्या नजरेनं नाही, तर घर चालवणाऱ्या बाईच्या.

आडवा येणारा पाऊस

पहिलं माथेरान, कारण ते मे अखेरीलाच उरकायला हवं होतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढले आणि मग साहेबांचे बंगले उठू लागले. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधली. ती १९०७ साली सुरू झाली. मोटारींना माथेरानात आजही बंदी आहे, दस्तुरीच्या नाक्यापाशी उतरावंच लागतं. त्यामुळे तांबड्या मातीच्या रस्त्यानं चालता चालता बंगले निवांत बघता येतात.

जांभ्या दगडाच्या भिंती, उंच जोतं, चहूबाजूंनी रुंद व्हरांडे आणि टोपी कपाळावर ओढावी तसं खाली उतरलेलं छप्पर. एका बंगल्याचा म्हातारा रखवालदार व्हरांड्याला तट्टे बांधत होता. मी विचारलं, “एवढा मोठा व्हरांडा कशाला हो, काका? याच्यात दोन खोल्या निघाल्या असत्या.”

तो म्हणाला, “बाई, इथं पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. व्हरांडा भिजतो म्हणून भिंत कोरडी राहते.”

माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली कर्जतलाही तीन हजारांच्या वर. पुण्याला पडतो तो साधारण सातशे! म्हणजे आपल्याकडे घर बांधायचं ते आधी पावसासाठी, मग माणसांसाठी. परत येताना गाडीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, आमच्या घराची पडवी हेच तर करते. तीन हात बाहेर आलेली वळचण, पागोळ्या पडतात तिथे दगडी पन्हळ, कमरेइतकं काळ्या दगडाचं जोतं. दिरांच्या आराखड्यात पडवी नव्हती. ‘वाया जाणारी जागा’ म्हणून ती खोलीत घेतली होती.

आमच्याच हातची चूक

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि दरवर्षीप्रमाणे पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. ही ओल म्हणजे जुन्या घराचाच दोष, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा मी एका वयस्कर गवंड्याला बोलावून आणलं. त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं, आणि गिलाव्याचा एक पापुद्रा हातात काढून म्हणाले, “ही भिंत माती-चुन्याची आणि वरून हे सिमेंट कुणी थापलं?”

आम्हीच. काही वर्षांपूर्वी, पक्कं काम व्हावं म्हणून!

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण ही चूक गावोगाव चालते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. जोत्यातून भिंतीत चढलेला ओलावा त्यातून उडून जातो. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी आतल्या आत कोंडतं, क्षार फुलतात, माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलावा भिंतीसकट सुटून येतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला डागडुजी करायची तर ती चुन्यानेच.

मग मी शाळेच्या लायब्ररीत आणखी वाचलं. चुनखडी भाजून चुना करायला साधारण ९०० अंश सेल्सिअसची आच लागते, सिमेंटला १४५० च्या घरात. शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा थोडाफार शोषून घेतो. साऱ्या जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्यातून येतो. म्हणून हल्ली मोठमोठे वास्तुविशारद पुन्हा माती, चुना, बांबू यांच्याकडे वळताहेत. केरळात हजारो स्वस्त, देखणी घरं बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) गांधीजींची एक गोष्ट सांगत. घर बांधावं ते पाच मैलांच्या आत मिळेल त्या सामानानं.

मी गंमत म्हणून आमच्या घराला हा पाच मैलांचा नियम लावून पाहिला. जोत्याचा दगड ओढ्यातला. माती शेतातली. मागच्या खोलीचा कुड कारवीचा. हो, तीच कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा फोटो काढायला झुंबड उडते! तिच्या सरळ काठ्या विणून वर शेणमाती लिंपली की झाली भिंत. वासे ऐनाचे, जवळच्या रानातले. कौलं मात्र परगावची, मंगलोरी. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं साऱ्या किनाऱ्यावर पसरली. तुमच्याकडचं एखादं जुनं कौल उलटून बघा, कारखान्याची छाप सापडेल.

एवढं सगळं कळल्यावर मी अगदी जुन्या घराच्या बाजूनं झाले होते. ‘पाडू नका’ म्हणून दिरांना लांबलचक पत्रच लिहिणार होते. पण मग सासूबाईंबरोबर महडला जाणं झालं.

दिव्याचं तेल

महाड नव्हे बरं का, महड. खालापूर तालुक्यातलं, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. हे देऊळ सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलं. गाभाऱ्यात नंदादीप आहे, तो १८९२ पासून अखंड तेवतो असं सांगतात. मी हौसेनं सासूबाईंना सनावळी सांगत होते. त्यांनी हात जोडले, घटकाभर दिव्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दिवा तेव्हापासूनचा आहे, म्हणजे तेल घालणारंही कुणीतरी तेव्हापासून आहे.”

मी गप्पच झाले. इतकी वर्षं इतिहास शिकवते, पण देऊळ कुणी बांधलं तेच मुलांकडून पाठ करून घेते. रोज सांभाळलं कुणी, ते पुस्तकात नसतं.

तिथून आम्ही खोपोलीला गेलो. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ पाहिलं. नाना जाऊन १८०० सालापासून सव्वादोनशे वर्षं झाली. घाट चढण्याआधी वाटसरूंना, जनावरांना पाणी मिळावं म्हणून केलेली ही सोय. तलावाच्या पायऱ्यांवर बसून सासूबाईंनी पाय सोडले. “गाळ कोण काढतं गं याचा?” त्यांनी विचारलं. आता त्या प्रत्येक ठिकाणी हेच विचारत होत्या!

परतीच्या लोकलमध्ये मी त्यांना घाटाची गोष्ट सांगितली. रेल्वे खोपोलीपर्यंत १८५६ सालीच आली होती, पण पुढे बोरघाट आडवा. तो फोडण्याचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या साहेबानं घेतला. १८५९ साली तो इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. ठेका सोडून मायदेशी जायचं सोडून त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते काम अंगावर घेतलं, जाणते इंजिनिअर हाताशी धरले आणि पुरं केलं. १८६३ साली घाटातून गाडी धावली. हजारो मजूर राबले, कॉलऱ्यानं कितीतरी गेले.

“म्हणजे नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम बायकोनं निस्तरायचं, हे साहेबातही असतं म्हणायचं,” सासूबाई म्हणाल्या. डब्यातल्या दोन-तीन बायका खळखळून हसल्या.

डोंगराची आठवण

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. आमच्या भागात जुलैच्या पावसात रात्री झोप लागत नाही ती तेव्हापासून.

जुनं ते सगळं सुरक्षित, मातीचं ते सगळं चांगलं, असं मी लिहिलं तर त्या वाडीशी ती बेइमानी होईल. डोंगर सुटला की कुड काय आणि काँक्रीट काय! घर कशाचं आहे याच्याआधी ते कुठे आहे, वर डोंगर कसा आहे, पाणी कुठून वाहतं, हे पाहावं लागतं. आणि ज्यांना पक्कं घर हवंसं वाटतं, त्यांना ‘तुमची झोपडी किती पर्यावरणस्नेही’ असं आपण स्लॅबखाली पंखा लावून बसून सांगू नये.

दगडातलं लाकडी घर

डिसेंबरात शाळेची सहल कोंडाणे लेण्यांना नेली. कोंदिवड्याहून तासाभराची जंगलातली चढण. वर राजमाचीचा डोंगर. ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या अगदी जुन्या वास्तूंपैकी. चैत्याची कमान खाली उभं राहून बघितली की मान दुखते. शेजारच्या विहाराच्या छताकडे बोट दाखवून मी मुलांना सांगत होते, हे सगळं दगडात कोरलेलं आहे, पण नक्कल लाकडी घराची आहे. तुळया, वासे, जाळ्या, सगळं सुताराच्या कामासारखं. त्या काळची लाकडी घरं कधीच कुजून गेली, पण ती दिसायची कशी ते या दगडानं धरून ठेवलं.

तेवढ्यात ठाकरवाडीतून येणारी एक सातवीतली मुलगी म्हणाली, “बाई, हे तर आमच्या घराच्या आढ्यासारखंच आहे!”

मी विचारलं, तुमचं घर अजून कारवीचं आहे का? तर म्हणाली, आता सरकारचं घरकुल झालंय, पण उन्हाळ्यात ते फार तापतं, म्हणून दुपारी सगळे जुन्या कुडाच्या खोलीतच झोपतात. “पण सारवायला मला आणि आईलाच लागतं. दर आठवड्याला. भाऊ नाही सारवत.”

चैत्याच्या दर्शनी भागावर, एका मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, अशा अर्थाची. घडवणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं याचं मला दरवर्षी अप्रूप वाटतं. यंदा ती ओळ मुलांना दाखवताना माझं लक्ष त्या मुलीच्या हातांकडे जात राहिलं.

सासूबाईंचं मत

संक्रांतीला पुन्हा सगळे गावी जमले. मी तिळगूळ देता देता विषय काढला, आणि आधी सासूबाईंनाच विचारलं. “आई, तुम्हाला काय वाटतं? घर तुमचं आहे.”

त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, “मी या घरात एकोणिसाव्या वर्षी आले. तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी जमीन केली. माती मीच आणायची, चोपण्यानं चोपायची, आणि वर्षभर पोतेरं घेऊन सारवायची. गुडघे गेले ते त्या जमिनीतच. घर मला आवडतं. उन्हाळ्यात माजघरात पंखा लावावा लागत नाही. पण तुम्ही ‘जुनं ठेवू’ म्हणालात, तर ते कुणाच्या गुडघ्यांवर ठेवणार, तेवढं आधी सांगा.”

कुणी काही बोलेना. दिरांनी मान खाली घातली, आणि खरं सांगते, मीसुद्धा. माझ्या इतक्या महिन्यांच्या हिशेबात दगड होता, चुना होता, पाच मैल होते. आईंचे गुडघे नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही नवा हिशेब मांडला. ओटी, पडवी आणि माजघर तसंच ठेवायचं. सारवणाच्या जागी शहाबादी फरशी घालायची. मागचा पडका भाग उतरवून तिथे स्लॅबचं स्वयंपाकघर आणि घराला लागूनच न्हाणीघर-संडास करायचं. हो, स्लॅबचं! पाणी सांडतं तिथे ते सोयीचं. पश्चिमेचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा. मेमध्ये कौलं परतायला दोन्ही भावांनी रजा काढून यायचं आणि त्याचा खर्च निम्मा-निम्मा. हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. भाऊजी म्हणाले, “दोन वर्षं बघू, वहिनी. नाही जमलं तर पाडू.” मी म्हटलं, कबूल.

यंदाच्या मेमध्ये दोघे आले. हे शिडीवर आणि भाऊजी खालून कौलं देताना. सत्तावीस फुटली. पैकी किती घसरून फुटली आणि किती भांडणात, ते विचारू नका! पण पावसात पश्चिमेची भिंत कोरडी राहिली. सासूबाई पडवीत खुर्ची टाकून पागोळ्या बघत बसतात.

तुमच्याकडे विषय निघाला तर

पाडायचं की ठेवायचं, हे ज्या त्या घराचं. पण ठरवण्याआधी एवढं मात्र पाहा :

• एक पावसाळा घर नीट बघा. ओल नेमकी कुठून येते, वरून, बाजूनं की जोत्यातून? पुष्कळदा सगळं घर नव्हे, एक पन्हळ दुरुस्त करावी लागते.

• चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंट किंवा ऑइलपेंट लावू नका. चुन्याची सफेदी करा.

• अंधाराची तक्रार असेल तर चार कौलं काढून काचेची कौलं बसवा. भिंत फोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

• पाडलंच, तर दारं, खांब, तुळया सरपणाला जाऊ देऊ नका. जुनं सागवान आणि ऐन नव्या घरातही चालतं.

• नवं बांधताना पडवी वगळू नका. ब्लॉकमध्ये राहत असाल तर खिडकीवरची छज्जी आणि समोरासमोरच्या खिडक्या सांभाळा. वरच्या मजल्यावर असाल तर उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. खालची खोली चांगलीच कमी तापते.

• डोंगराच्या उतारावर घर असेल, वर जमिनीला नव्या भेगा दिसत असतील, झाडं कलली असतील किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल, तर हिशेब मांडत बसू नका. आधी माणसं हलवा, मग तलाठ्याला कळवा.

आणि सगळ्यांत आधी, घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला विचारा, की हे घर राखायला तिला काय काय करावं लागलं. मग ते काम पुढे कोण करणार, हे नावानिशी वहीत लिहून घ्या. आमच्या वहीत पुढच्या मेच्या पानावर भाऊजींचं नाव आहे. त्यांनी आतापासूनच कंबर दुखते म्हणायला सुरुवात केली आहे.